तुकड्या-तुकड्यांचं जहाज

११ सप्टेंबर २०२२, रविवार. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये 'तारागिरी' नावाच्या युद्धनौकेचं जलावतरण ठरलेलं होतं. समारंभ मोठा होणार होता. आणि तीन दिवस आधी इंग्लंडची राणी वारली. भारत सरकारने एक दिवसाचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, तो नेमका ११ तारखेचा!

आपल्या आयटीत अशा वेळी काय होतं? एक मेल येतो, 'रिलीज पुढच्या आठवड्यात ढकलत आहोत', आणि सगळे सुटकेचा नि:श्वास सोडून चहाला जातात. पण इथे अडचण अशी की एवढं जहाज उतारावरून पाण्यात सोडायचं तर भरती लागते, आणि भरती कुणाच्या मेलने पुढे जात नाही. मग समारंभ रद्द झाला आणि जहाज ठरल्या दिवशी, गाजावाजा न करता पाण्यात गेलं. सरकारी पत्रकात त्याला 'तांत्रिक जलावतरण' म्हटलं होतं. ३,५१० टनांची वस्तू, आणि नुसतं 'तांत्रिक'!

मला ही बातमी तेव्हा फार आवडली होती. न हलणारी डेडलाइन कशी असते ते पहिल्यांदा कळलं. पण या विषयात खोल शिरलो तो गेल्या दिवाळीत, आणि त्याला कारण माझा चुलतभाऊ.

तुम्ही म्हणाल, वर्ध्याच्या माणसाचा आणि जहाजाचा काय संबंध? बरोबर आहे. आमच्याकडून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. आमच्या भागातलं मोठं पाणी म्हणजे बोर धरण, आणि पवनारला धाम नदी. वर्धा म्हटलं की लोकांना सेवाग्राम आठवतं, खवय्यांना गोरसपाक. युद्धाशी संबंध म्हणायचा तर पुलगावचा दारूगोळा डेपो. (दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारूगोळ्याचं एवढं मोठं कोठार, हा विनोद आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला एकदा ऐकवला जातो.)

तर दादा. त्याचं देवळीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोदामाच्या शेड, जिनिंगच्या सीझनला तिथली दुरुस्तीची कामं. चार वेल्डर, दोन हेल्पर, एक जुनी शिअरिंग मशीन. दिवाळीत फराळाचं ताट मांडीवर घेऊन तो म्हणाला, "मी मुंबईले जाऊन आलो. एका ठेकेदाराशी बोलनं झालं. थे म्हनते, जहाजाचे लहान लहान पार्ट आता बाहेरून बनवून घेतात. पाइपाचे सपोर्ट, केबल ट्रे, शिड्या. तू त इंजिनेर हायेस, तूच सांग, थे लोक आपल्यासारख्याले काम देतीन का?"

आणि मग हळूच, "दहा लाख लागतीन."

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे हे खरं, पण डिग्री झाल्यापासून वेल्डिंगचा संबंध फक्त लॅपटॉपच्या तुटलेल्या बिजागरापुरता. नोकरी जावाची. आणि ते दहा लाख म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी मी आणि बायकोने चार वर्षं साठवलेले पैसे. घरात हे सांगितल्यावर बायको एवढंच म्हणाली, "द्यायचे तर दे, पण कशात चाललेत ते आधी समजून घे." म्हणून हे सगळं वाचन. पुढचे पाच-सहा वीकेंड त्यातच गेले.

आधी जुनी पद्धत. जहाज बांधायची जागा म्हणजे स्लिपवे, पाण्याकडे उतरत जाणारा एक मोठा ओटा. त्यावर कणा ठेवायचा, बरगड्या उभ्या करायच्या, पत्रे चढवायचे. नुसता सांगाडा तयार झाला की पाण्यात सोडायचा, कारण स्लिपवे पुढच्या जहाजाला हवा असतो. मग धक्क्याला बांधून ठेवलेल्या त्या पोकळ डब्यात वर्षानुवर्षं माणसं आत शिरत राहतात. पाइप टाकायचे, केबल ओढायच्या, यंत्रं बसवायची, रंग द्यायचा. 'शिवालिक' हे माझगाव डॉकचं जहाज बघा. कणा ठेवला २००१ मध्ये, पाण्यात सोडलं एप्रिल २००३ मध्ये, आणि नौदलात दाखल झालं एप्रिल २०१० मध्ये. म्हणजे तरंगायला लागल्यावर सात वर्षं! अर्थात उशिराची कारणं एकच नसतात. पण एक कारण साध्या कल्पनाशक्तीने कळतं. अंधाऱ्या, कोंदट, माणूसभर उंचीच्या खोलीत डोक्यावर पाइप वेल्ड करायचा, त्याच वेळी शेजारी इलेक्ट्रिशियन केबल ओढतोय, आणि तिसरा त्याच भोकातून हवेचा डक्ट नेऊ पाहतोय. तिघांपैकी दोघांनी बाहेर उभं राहायचं. वरचं वेल्डिंग झालं की खालचा नवा रंग जळणार, तो पुन्हा द्यायचा.

जहाजबांधणीत एक ठोकताळा आहे, एक-तीन-आठचा. जे काम वर्कशॉपमध्ये एका तासात होतं, तेच ब्लॉक उभा झाल्यावर करायला तीन तास लागतात, आणि जहाज पाण्यात गेल्यावर आठ. हे वाचून मी खुर्चीतच हसलो. आमच्याकडे बगचं हेच गणित पहिल्याच आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. फक्त आमचा बग प्रॉडक्शनला गेला तर रात्री फोन येतो. त्यांचा गेला तर पोलाद कापावं लागतं.

मॉड्युलर पद्धत म्हणजे हा आठचा गुणाकार टाळायची धडपड. जहाजाचे आडवे-उभे काप करायचे. प्रत्येक काप म्हणजे ब्लॉक, तो स्वतंत्र शेडमध्ये बांधायचा. आणि यातली खरी गंमत अशी की ब्लॉक बऱ्याचदा उलटा बांधतात. छत खाली, जमीन वर. म्हणजे छताला लागणारे पाइप, ट्रे, हँगर सगळे वेल्डर उभ्याउभ्या, खाली बघत लावतो. डोक्यावर हात करून वेल्ड करणं आणि टेबलावर ठेवून वेल्ड करणं यातला फरक दादाला सांगावा लागला नाही. तो फक्त म्हणाला, "हे भारी हाय बे." मग ब्लॉक सरळ करायचा, क्रेनने उचलायचा आणि शेजारच्या ब्लॉकला जोडायचा. त्यासाठी तेवढी ताकदीची क्रेन हवी. माझगाव डॉकने आपल्या आधुनिकीकरणात ३०० टनांची गोलायथ क्रेन आणि मॉड्यूल वर्कशॉप उभारलं ते याचसाठी.

याचं आजचं उदाहरण म्हणजे पी-१७ए, अर्थात नीलगिरी वर्गाच्या सात फ्रिगेट. 'तारागिरी' त्यांतलीच. २०१५ मध्ये कंत्राट झालं. चार जहाजं मुंबईच्या माझगाव डॉकला आणि तीन कोलकात्याच्या गार्डन रीचला. डिझाइन नौदलाचं स्वतःचं, आणि मॉड्युलर बांधणीची माहिती देण्यासाठी इटलीची फिन्कान्तिएरी कंपनी. लांबी १४९ मीटर, रुंदी १७.८ मीटर, पूर्ण वजन सुमारे ६,६७० टन. सातांपैकी सहा नावं जुन्या लिअँडर फ्रिगेटची आहेत. पहिली 'नीलगिरी' माझगाव डॉकनेच ब्रिटिश यार्डांच्या मदतीने बांधली आणि ती १९७२ मध्ये नौदलात आली होती. म्हणजे 'दुसऱ्या यार्डाकडून शिकत बांधणं' हे या घरात तीन पिढ्यांचं आहे.

आता आकडे बघा, कारण मला आकडे बघितल्याशिवाय झोप येत नाही. नवी 'नीलगिरी' सप्टेंबर २०१९ मध्ये पाण्यात उतरली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाच्या हाती आली. म्हणजे पाच वर्षं आणि वर थोडे महिने, मध्ये कोविड. दुसरी 'उदयगिरी' मे २०२२ मध्ये उतरली आणि १ जुलै २०२५ ला हाती आली, ३७ महिन्यांत. आणि ती 'तारागिरी' नोव्हेंबर २०२५ मध्ये. बांधणीचा एकूण काळ 'नीलगिरी'ला ९३ महिने, 'तारागिरी'ला ८१. एक वर्ष वाचलं. ऐकायला थोडं वाटतं, पण हजारो माणसांचं एक वर्ष आहे ते.

तरी दादाचा प्रश्न होता तिथेच. हे सगळं एकाच आवारात होत असेल तर देवळीला काय मिळणार?

त्याचं उत्तर मिळालं 'सुरत' या विनाशिकेच्या माहितीत. मे २०२२ मध्ये तिचं जलावतरण झालं तेव्हा नौदलाने स्पष्ट सांगितलं होतं की हिच्या सांगाड्याचे ब्लॉक दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधले आणि मुंबईत आणून जोडले. 'तारागिरी'च्या बाबतीतही तेच, ब्लॉक निरनिराळ्या गावी, जोडणी माझगावच्या स्लिपवेवर. कारण उघड आहे. माझगाव डॉक म्हणजे मुंबईच्या पोटात अडकलेलं यार्ड. एका बाजूला हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन, दुसऱ्या बाजूला समुद्र. वाढायला जागाच नाही. जानेवारीत दादा कामासाठी मुंबईला आला तेव्हा मीही पुण्याहून गेलो, आणि दोघांनी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. उगाच, फक्त बघायला. मागे यार्डाच्या क्रेन लहान होत गेल्या. दादा रेलिंगला टेकून बराच वेळ गप्प होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाण्यावरून बघितला. मग म्हणाला, "एवढ्याशा जागेत बनवतात होय?"

जागेची ही अडचण जगभर आहे. ब्रिटनचं 'क्वीन एलिझाबेथ' हे विमानवाहू जहाज सहा यार्डांत तुकड्यांनी बांधलं आणि स्कॉटलंडमधल्या रोसाइथला जोडलं. त्यातला एकेक तुकडा इतका प्रचंड की एक ब्लॉक तर अकरा हजार टनांचा होता, ग्लासगोहून बार्जवर समुद्रातून वळसा घालून आणलेला. म्हणजे आपल्या 'तारागिरी'सारखं दीड जहाज भरेल एवढा एक तुकडा!

पण मंडळी, तुकडे करणं सोपं आणि जोडणं अवघड, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. मी एका प्रोजेक्टवर होतो, कंपनीचं नाव जाऊ दे, चार टीम चार शहरांत. प्रत्येकाचं मॉड्यूल आपापल्या जागी हिरवंगार, सगळ्या टेस्ट पास. एकत्र जोडलं आणि पंधरा दिवस काहीच चालेना. प्रत्येक टीमचं म्हणणं, 'आमच्याकडे तर चालतंय.'

पोलादाला हे म्हणायची सोय नसते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने टाइप २१ नावाच्या पाणबुड्या आठ तुकड्यांत बांधायला घेतल्या. तुकडे करायला दिले समुद्रापासून लांबच्या पोलादी बांधकाम करणाऱ्या कारखान्यांना, ज्यांनी कधी जहाज बांधलं नव्हतं. पूल-इमारतींच्या मापात बसलेल्या माणसांना पाणबुडीचं माप मानवेना. कालव्यांतून तुकडे हँबुर्ग-ब्रेमेनला आले तेव्हा कडा जुळेनात, पुन्हा कापाकापी. शंभराहून जास्त बोटी जोडून झाल्या, पण युद्ध संपेपर्यंत गस्तीवर निघाल्या फक्त २. समुद्रापासून लांबचा कारखाना, कधी जहाज न बांधलेला... हे मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो दोन सेकंद थांबून म्हणाला, "तू मले भेव दाखवून राह्यला का?"

भेव नाही, पण अडचण खरी आहे. वेल्डिंग केलं की पोलाद आक्रसतं. ट्रॉलीला दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर हातोडा आहे. ब्लॉकमध्ये शेकडो वेल्ड असतात आणि प्रत्येक थोडं थोडं ओढतं. म्हणून कडेला मुद्दाम जास्तीचं पोलाद ठेवतात आणि जोडायच्या वेळी मोजून कापतात. चांगलं यार्ड म्हणजे ज्याला हे जास्तीचं पोलाद कमी कमी ठेवता येतं ते. कारण आक्रसणं किती होणार हे त्याला आधीच कळलेलं असतं, आणि ते वर्षानुवर्षं मोजून लिहून ठेवलं तरच कळतं. दुसरी गंमत केबलची. पाइप ब्लॉकच्या कडेला तोडून पुढे जोडता येतो. पण लांब केबल दर ब्लॉकला तोडत बसणं परवडत नाही, ती बरीचशी ब्लॉक जोडल्यानंतरच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढतात. म्हणजे कितीही मॉड्युलर म्हटलं तरी काही गोष्टी सीमा मानत नाहीत. (ज्यांनी कधी चालत्या सिस्टिममध्ये लॉगिन बदललंय त्यांना हे समजेल.)

असो. एक गोष्ट मात्र मला सुखावून गेली. या जहाजांचं पोलाद डीएमआर-२४९ए. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने विकसित केलेलं आणि सेलने तयार केलेलं. कोचीत बांधलेल्या 'विक्रांत'ला असलं सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद लागलं, ते आलं भिलाई, बोकारो आणि राउरकेलाहून. आणि भिलाई आमच्याच लाइनवर आहे! हावडा-मुंबई लाइन. लहानपणी वर्धा स्टेशनवर सेवाग्राम एक्सप्रेसची वाट बघताना पोलादाच्या प्लेटा लादलेल्या वाघिणी धडधडत जायच्या आणि आम्ही डबे मोजायचो. पोलाद आमच्या दारावरून गेलंय, थांबलं नाही एवढंच.

आता पैशाचं. काम बाहेर जातं हे नक्की. नौदल म्हणतं, पी-१७ए मध्ये ७५ टक्के सामग्री देशी आणि २०० हून जास्त लघु-मध्यम उद्योग गुंतलेले. पण कुणाच्या हाती काय पडतं? दादा यार्डाशी थेट बोलणार नाही. यार्ड ब्लॉकवाल्याशी बोलणार, तो ठेकेदाराशी, ठेकेदार दादाशी. कायदा सांगतो, लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करा. २००६ पासून सांगतो. दादाला आजवर वेगवेगळ्या लोकांनी किती दिवसांत पैसे दिले ते मी त्याच्या वहीत बघितलं. सगळ्यात वाईट नोंद चौदा महिन्यांची.

आणि मोठा धोका वेगळाच. जहाजांची ऑर्डर पावसासारखी येते. सात जहाजं एकदम, आणि मग कोरडं. 'तारागिरी' दिली तेव्हा उरलेल्या तिघी ऑगस्ट २०२६ पर्यंत द्यायच्या, असं नौदलाने सांगितलं होतं. शेवटच्या जहाजाच्या पाइपांचे सपोर्ट ते पाण्यात जायच्या बरंच आधी लागतात, आणि पुढच्या मालिकेचे लागेपर्यंत कितीही वर्षं जाऊ शकतात. यार्डाला रिपेअरचं, इतर बोटींचं काम असतं. तिसऱ्या पायरीवरच्या वर्कशॉपला काय असतं? ट्रॉल्या. म्हणजे फक्त जहाजासाठी शेड वाढवणं हा जुगार आहे, असं माझं मत झालं. काका (दादाचे वडील) याच्या उलट मताचे होते. "ट्रॉली कोन घेऊन राह्यलं आता? कापसाचा भाव पाह्य," एवढं बोलून ते अंगणात गेले. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

दोन संध्याकाळी दादा आणि मी एक्सेल शीट घेऊन बसलो. यादी केली तेव्हा लक्षात आलं की दहा लाखांतले सहा नवीन शेडचे होते आणि चार मशीनचे. आणि शेड असो-नसो, ठेकेदार पहिला प्रश्न विचारणार तो वेल्डरचा. जहाजाच्या पाइपाला हात लावायचा तर वेल्डरची परीक्षा पास हवी. त्यातली कठीण म्हणजे सिक्स-जी. पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बांधलेला, फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकून, बसून, मान मोडून गोल पूर्ण करायचा. मग एक्स-रे. आत सुईएवढा पोकळ डाग दिसला आणि तो मर्यादेबाहेर गेला की नापास. पण पास झाला तर तोच माणूस औष्णिक वीज केंद्रात चालतो, रिफायनरीत चालतो, केमिकल प्लँटमध्ये चालतो. (तो नोकरी सोडून रिफायनरीत जाऊ शकतो, हाही धोका आहेच. दादाने तो हसून मान्य केला.)

मी चार दिले. टिग वेल्डिंगचे दोन सेट, ग्राइंडर, सरावाला पाइपाचे तुकडे आणि दोघांच्या परीक्षेची फी. शेडचं पहिली ऑर्डर हातात आल्यावर बघू. दादा नाराज झाला का? थोडा झाला. दोन दिवस त्याचा फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी मशीनचा फोटो आला, हार घातलेला, नारळ फोडलेला. पुण्यातला फ्लॅट दीडेक वर्ष लांबला. बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, "हार जरा मोठा घालायचा."

गेल्या महिन्यात नागपूरला पहिली परीक्षा झाली. दादाचा सगळ्यात जुना वेल्डर, वीस वर्षं हात बसलेला, तो नापास झाला. खालच्या बाजूला, जिथे पाइपाखाली वाकून डोळ्याने नीट दिसत नाही, तिथे मुळाशी वितळ कमी पडली होती. दुसरा पोरगा बावीस वर्षांचा, देवळीच्याच आयटीआयचा. तो रोज काम संपल्यावर दोन तास तिरक्या पाइपावर बसतो. दादा रोज रात्री त्या वेल्डचे फोटो मला पाठवतो आणि विचारतो, "कसं वाट्टे?" मला त्यातलं फार कळत नाही. मी झूम करून बघतो, आणि खालची बाजू पुन्हा काढून पाठव म्हणतो.

त्याची परीक्षा येत्या मंगळवारी आहे.